रत्नाचं स्टूल

रत्ना आली का पहिलं आरडायची. चप्पल काढायच्या बी आधी.

"कुणी कुणी बटनं दाबली? खरं सांगा. मी येईस्तोर हात लावू नका म्हणलं व्हतं का न्हाई?"

घरातली समदी माणसं चोरी सापडल्यावानी गप. मंग ती खांद्यावरचं निळं प्लास्टिकचं स्टूल खाली आदळायची, त्याच्यावर बसायची आन् म्हणायची, "थांबा. आता समदे थांबा."

आमच्या वाटूरात जेवढ्या घरांत वायफाय हाय तेवढ्या घरांनी तिचं बोलणं खाल्लंय. तिचा नवरा केबलवाल्याकडं कामाला व्हता. खांबावरून पडला आन् गेला. केबलवाला भेटायला आला, म्हणला, काय लागलं तर सांग. ही म्हणली, "त्याचा पट्टा आन् शिडी मला द्या." लोकाला वाटलं, बाई दुःखात बोलून राह्यली. महिन्यानं तिनं साडीच्या खाली नवऱ्याची प्यांट चढवली आन् त्याच खांबावर जाऊन बसली. खालून माणसं बघून राह्यली व्हती. वरून वराडली, "तमाशा हाय का? कामाला जा!"

मंग केबल गेली आन् नेट आलं. ते काचेच्या वायरीतून येतं म्हणं. केसावानी बारीक काच. ती जोडायचं जालन्याला जाऊन शिकून आली. मशिनीत काच धरून जोडायची तव्हा मात्र तिचा आवाज बिलकुल बंद. श्वास बी धरायची. तेवढाच टाईम गल्लीला आराम.

तिचं काम करायचं बी एक तंत्र व्हतं. कुणाचा टीव्ही अडकला, का नुसतं गोल गोल फिरून राह्यलं, तर ती आधी काय उघडायची न्हाई. पिना काढायची आन् घरधन्याला म्हणायची, "तीस मोजा. मोठ्यानं." लोक दहापर्यंत मोजून पिन घालायला बघायचे, जल्दी असती ना समद्यांला. ती हातावर चापट मारायची. एकदा एका पुढाऱ्याच्या घरी गेल्ती. ओसरीवर त्याची धा-पंधरा माणसं बसलेली. त्यालाच मोजायला लावलं. एकोणीसला त्याचा फोन वाजला, तो बोलाय लागला. फोन झाल्यावर म्हणला, "हं, वीस." रत्ना म्हणली, "न्हाई साहेब. परत एकपासून." माणसं खाली माना घालून हसून राह्यली आन् पुढारी उभा राहून मोजून राह्यला.

मंग ती तळहातावर मोबाईल आडवा ठिवायची आन् घरभर हिंडायची, हळू हळू. बोअर घ्यायच्या आधी पाणाड्या नारळ घेऊन रानात हिंडतो का न्हाई, तसं. मोबाईलमध्ये तिला दिसायचं म्हणं, कुठं जोर हाय आन् कुठं मरून राह्यलंय. एका मास्तराच्या घरी हिंडत हिंडत लोखंडी कपाटापाशी गेली आन् थांबली. मास्तरानं नेटचा डबा कपाटात घालून कुलूप लावलेलं. वायरीसाठी मागून भोक पाडलेलं. धूळ बसू नये म्हून.

"मास्तर, तुमाला ह्या कपाटात घालते आन् शाळा घ्यायला लावते. पोराला ऐकू यील का?"

"पण हिरवी लाईट तर लागून राह्यलीय."

"लागू द्या की. तुमच्या कोटाला दिसून राह्यलीय ती."

अशी व्हती. समद्यांना भांडायची म्हून लोक म्हणायचे, तोंडानं खराब हाय. मी बी म्हणायचे. ती स्टूल कामून घेऊन हिंडती ते मला लई दिवस कळलं नव्हतं. मला वाटायचं, शिडीच्या कामाला लागत असंल.

रत्ना बौद्ध. बुद्धविहाराच्या पलीकडं घर तिचं. लोक तिला कामाला बोलवायचे, वायर वढायला लावायचे आन् बसायला पोतं टाकायचे. दाराच्या बाहीर. पाणी द्यायचं तर वळचणीला खोचलेला येगळा गिलास. म्हून तिनं सोताचं स्टूल आणलं आन् सोताची बाटली. पोतं दिसलं का त्याच्याशेजारी स्टूल आदळायची. मी पासष्ट वर्षांची झाले तरी हे मला कुणीतरी सांगावं लागलं. आमच्याबी ओसरीच्या कोपऱ्यात तसलं पोतं व्हतंच, आन् ते मीच घडी घालून ठिवायचे.

आता आमचं सांगते. माझा मुलगा भागवत, त्यानं नेट घेतलं तव्हा वायर रत्नानंच वढली. ओसरीपर्यंत आणली आन् म्हणली, "भाऊ, डबा पुढच्या खोलीत ठिवा, टीव्हीपाशी." मीच म्हणले, नवी वस्तू हाय, देवापाशी ठिवू. आमचं देवघर मधल्या जुन्या खोलीत. दोन हात रुंद दगडमातीची भिंत, भिंतीत कोनाडा, बाजूला ज्वारीच्या पत्र्याच्या कोठ्या. रत्ना म्हणली, "आक्का, देवाला नेट लागत न्हाई." भागवत म्हणला, राहू द्या. त्यानं वायरीचं टोक तिच्या हातातून घेतलं, भिंतीतून आत सारलं आन् तिला मागच्या खिडकीतून जोडायला लावलं. ती खिडकीत उभी राहून जोडून गेली. मी डब्याला हळदकुंकू लावलं. कोनाड्यात निळे दिवे लुकलुकायचे, मला ते गोडच वाटायचं.

मंग आमच्या म्हाताऱ्याला झटका आला.

उजवी बाजू गेली आन् वाचा गेली. ह्यांचा आवाज असा व्हता का, बांधावरून बैलाला हाक मारली तर दुसऱ्या शिवारातली माणसं मान वर करायची. पन्नास वर्षं मी तो आवाज ऐकला. आयकतीस का, म्हणायचे, नाव कधी घेतलं न्हाई. दुष्काळात मी खडी फोडली, दुसऱ्याचा कापूस येचला, दोन लेकरं मातीत घातली, आन् त्या समद्यात तो आवाज माझ्यावर वराडतच व्हता. पण व्हता. आता घरात बसलेला माणूस नुसता बघून राह्यला. शिवी दिली असती तरी मला सण वाटला असता.

जालन्याचा डॉक्टर म्हणला, जीभ परत शिकवावी लागंल. त्यानं एक शिकवणी सांगितली. नेटवर एक बाई असती. तोंड मोठं करून आ म्हणती, ओठ पुढं करून ऊ म्हणती, मंग पाणी, भाकर, ये, जा. समोर बसून तिचं तोंड बघायचं आन् तसं म्हणायचं. दिवसातून तीनदा. डॉक्टर म्हणला, "पहिले महिने लई मोलाचे. तव्हा जेवढं येईल तेवढं येईल. मागून जीभ जड ती जडच." मोबाईलवर ह्यांना दिसंना. म्हून सून सवितानं टीव्हीमागं एक डबी लावली, टीव्हीवर नेट दिसायला लागती ती. मोठ्या टीव्हीवर बाईचं तोंड परातीएवढं दिसायचं.

दोन दिवस झालं. तिसऱ्या दिवशी बाईनं आ केला आन् ती तशीच अडकली. टीव्हीवर गोल गोल फिरून राह्यलं. ह्यांनी बी आ केलेला. बाई मिटंना म्हून हे बी मिटंनात. लाळ गळून राह्यली, डोळे टीव्हीवर. मी पदरानं पुसलं आन् हातानं ह्यांचं तोंड मिटलं. मेलेल्या माणसाचं मिटतात तसं. ते माझ्या मनातून जात न्हाई.

रत्नाला बोलवलं. आली, आरडली, स्टूल आदळलं. भागवत रिमोट घेऊन भराभरा दाबून राह्यला व्हता. "थांब! डबी तापलीय आन् तू बी तापलास." पिन काढली, तीस मोजायला लावलं. मंग मोबाईल तळहातावर घेऊन निघाली. पुढच्या खोलीत भिंतीपाशी गेली, म्हणली, "इथं आलं का मरतं." मधल्या दाराकडं वळली. भागवत उंबऱ्यावर आडवा झाला.

"रत्नाबाई, इथूनच सांगा. मी करतो आतून."

"काय करतो? वायर तोकडी हाय. भिंतीतून थेट कोनाड्यात घातलीय तुम्हीच. कापून, लांब करून, डबा पुढं आणावा लागतो. मशीन आत न्यावी लागती."

"तुमी सांगा ना, कसं करायचं ते."

"इथून सांगायला मी काय पोपटवाली हाय का?"

"मला काय न्हाई हो. पण भावकी नावं ठिवती. देवघर हाय."

रत्ना त्याच्याकडं बघत राह्यली. आरडली न्हाई. पहिल्यांदा आरडली न्हाई, तव्हाच मला भ्या वाटायला पायजे व्हतं. स्टूल उचललं. ह्यांच्याकडं बघून म्हणली, "बाबा, तुमच्या कामाचं न्हाई हे घर." आन् गेली.

मी तिथंच उभी व्हते.  चहा उतू चाललाय म्हून आत गेले.

मी सांगून राह्यले ते सविता लिहिती. ती म्हणती, आत्याबाई, हे कामून लिहायचं. लिही म्हणलं. ह्याच भागवतचा चौदा एप्रिलच्या जयंतीच्या बॅनरवर दर साली हात जोडून फोटो असतो. फाट्यावर लागतं बॅनर, माणसापेक्षा मोठं. ते बी लिही.

मंग दीड महिना काय झालं ते ऐका. भागवतनं सोताच्या हातानं डबा कोनाड्यातून वढला. काच तुटली. हिरवी लाईट गेली, लाल लागली. परतूरहून माणूस आणला, त्यानं तिथंच कोनाड्यात जोडून दिलं, म्हणला, वायर आणली न्हाई जास्तीची. मंग भागवतला वाटलं, शेजारचे नेट खाऊन राह्यलेत म्हून अडकतं. त्यानं नेटचं कुलूप, ते पासवर्ड म्हणतात ते, बदललं. मोबाईलला नवं सांगितलं, टीव्हीच्या डबीला सांगायचं ध्यानातच न्हाई. डबी जुन्याच किल्लीनं कुलूप उघडून राह्यली, उघडंना. आता तर गोल बी फिरंना, बाई पार गायब. दुसरा माणूस आला, म्हणला डबी खराब झाली, नवी घ्या. नवी घेतली. तिचं बी नेट भिंतीपाशी आलं का मरायचं. घनसावंगीहून भागवतचा एक दोस्त आला, त्यानं टीव्हीच फिरवून ठिवला. समद्यांना देवघरात जाऊ दिलं बरं का. परतूरवाल्यानं बूट सुदिक काढले नव्हते.

हे टीव्हीसमोर बसायचे. काळ्या काचेत सोताचंच तोंड बघायचे आन् आपलं आपणच आ करायचे. मंग ते बी सोडून दिलं. भिंतीकडं तोंड करून पडायला लागले.

त्या दिवशी मी चप्पल घातली आन् बुद्धविहाराच्या पलीकडं गेले. ह्या गावात नांदायला आले तव्हापासून त्या गल्लीत पाय टाकला नव्हता. रत्ना अंगणात वायरीचं वेटोळं करून राह्यली व्हती. मला बघून उठली न्हाई.

"रत्ना, चल."

"भागवतभाऊनं पाठवलं?"

"न्हाई. मी आले."

"आक्का, मी खिडकीतून करणार न्हाई. मागच्या दारानं येणार न्हाई. पुढच्या दारानं येईन, मधल्या खोलीत जाईन, काम करीन आन् पुढच्या दारानं जाईन. जमंल का?"

"जमंल."

"भावकी?"

"भावकीनं म्हाताऱ्याची लाळ पुसली न्हाई कधी."

ती हसली न्हाई. वेटोळं खांद्यावर टाकलं, स्टूल माझ्या हातात दिलं. त्या दिवशी भर गावातून तिचं निळं स्टूल मी घेऊन आले. पारावरची माणसं बोलायची थांबली.

भागवत ओसरीत उभा व्हता. त्यानं तोंड उघडलं. मी म्हणले, "सरक." सरकला. एवढंच व्हतं ते. एका शब्दाचं काम व्हतं आन् मी त्याला दीड महिना लावला.

देवघरात रत्ना कोनाड्यासमोर उभी राह्यली, म्हणली, "देव तुमचे तुम्ही उचला आक्का. मला त्यांच्यात काय काम न्हाई. मला डब्याशी काम."

मी देव ताटात काढले. तिनं डब्यावरचं हळदकुंकू फुंकून उडवलं, फटीतलं काडीनं कोरलं. वायर कापली, श्वास धरला, जोडली. दाराच्या चौकटीवरून फिरवून पुढच्या खोलीत आणली, टीव्हीच्या समोरच्या भिंतीला खिळा ठोकला आन् डबा टांगला. मंग टीव्हीच्या नव्या डबीला आधीचं समदं इसरायला लावलं. तिथं नेटची दोन नावं दिसतात. एकाच्या म्होरं पाच लिहिलेलं. सविताला म्हणली, "हे पाचवालं पळतं जोरात, पण भिंत आली का बसतं. साधं घे, ते म्हातारं हाय पण चालत ऱ्हातं." ह्यांच्याकडं बघून म्हणली, "बाबा, तुमाला न्हाई म्हणले."

पासवर्ड टाकायची पाळी आली. भागवत म्हणला, द्या रिमोट, मी टाकतो. तिच्याकडं पाठ करून, अंगाआड रिमोट धरून टाकून राह्यला. चुकला. परत टाकला. परत चुकला.

"थांब!" रत्ना अशी वराडली का पत्रे वाजले. "बापाच्या तोंडाला कुलूप लागलंय, आन् तू डब्याची किल्ली लपवून राह्यलास? थांब. श्वास घे. एक एक अक्षर टाक. मी बघत न्हाई तुझं धन." आन् खरंच तोंड फिरवून, स्टुलावर भिंतीकडं बघत बसली.

लागलं. बाई आली. आ म्हणली आन् तोंड मिटलं. ऊ म्हणली. पाणी म्हणली, भाकर म्हणली. अडकली न्हाई. हे भिंतीकडून वळले.

मी तांब्या भरून आणला, घरातला, पितळेचा, आम्ही पितो तो. रत्ना तांब्याकडं बघून राह्यली, मंग माझ्याकडं.

"माझी बाटली हाय, आक्का."

 बराबरच हाय तिचं. तिनं स्टूल उचललं आन् पुढच्या दारानं गेली.

ती गल्लीच्या कोपऱ्यावर पोचली नसंल. भागवत परसातून गोमूत्राचा गडू घेऊन आला. देवघरात शिंपडायला. माझ्याकडं न बघता चालला. मी बोलायच्या आधी मागून आवाज आला.

"थां."

आमी तिघं बी फिरलो. टीव्हीतली बाई पाणी म्हणून राह्यली व्हती. हे तिच्याकडं बघत नव्हते. डावा हात वर केलेला, मान ताठ, तोंड वाकडं करून जीभ वढून राह्यले व्हते, चिखलातून गाडी वढल्यावानी.

"थां... थांब."

भागवतच्या हातातला गडू तसाच. सविता रडायला लागली. मला रडू आलं न्हाई, मला राग आला. दीड महिना ती टीव्हीतली बाई आली नव्हती म्हून, आन् आली तरी शब्द आला तो रत्नाचा. वराडलेला. तो ह्यांना बराबर ऐकू गेला व्हता आन् कुठं वापरायचा ते बी बराबर कळलं व्हतं.

भागवतनं गडू मोरीत ओतला. त्या दिवसापासून त्यानं देवघराचं नाव काढलं न्हाई. पण त्यानं चूक झाली असं बी म्हणलं न्हाई, आन् मी बी रत्नाकडं जाऊन म्हणले न्हाई.

बारा-तेरा शब्द आले. पाणी, भाकर, ये, जा, नको. माझं नाव न्हाई आलं, ते आधीबी नव्हतं. मागल्या खेपेला डॉक्टरानं तपासलं, म्हणला, "मधी खंड पडला का? पडला नसता तर वाक्य बोलले असते." भागवत खाली बघून राह्यला. मी डॉक्टरला म्हणले, "वायरीचं काम व्हतं." खोटं बोलले. वायरीचं न्हाई, उंबऱ्याचं व्हतं.

रत्नाला शेवटचं पाह्यलं ते परवा. ह्यांना जालन्याला न्यायला जीप घरापाशी बोलवली व्हती. फाट्याकडं जाताना नव्या बंगल्यापाशी उसाची ट्रॉली आडवी, म्हून जीप थांबली. बंगल्याच्या पुढच्या दारासमोर, भर उन्हात, निळं स्टूल. त्याच्यावर रत्ना. शिडी भिंतीला टेकलेली. बंगल्यातली बाई खिडकीतून म्हणून राह्यली, "अगं, मागून ये ना गं रत्ना. दोन दिवस झाले टीव्ही बंद हाय. मागून ये, दार उघडंच हाय मागचं."

"थांबते मी," रत्ना म्हणली. आरडली न्हाई. बाटली काढली, दोन घोट पाणी प्याली.

ट्रॉली सरकली. ड्रायव्हरनं गाडी चालू केली.

"थांब," हे म्हणले.

"काका, नंबर जाईल दवाखान्यातला."

"थांब."

ड्रायव्हरनं भागवतकडं पाह्यलं. भागवत पुढं बघून राह्यला व्हता. कानाची पाळी लाल झाल्ती त्याची. मंग म्हणला, "थांब रे जरा." ड्रायव्हरनं गाडी बंद केली. आमी समदे बसून राह्यलो. खिडकीतली बाई आमच्याकडं बघून राह्यली, आमी तिच्याकडं. रत्नानं एकदा बी मान वळवली न्हाई.

बऱ्याच वेळानं बंगल्यात कुठंतरी कडी वाजली. पुढच्या दाराची का मागच्या, ते जीपमधून कळंना.

रत्नानं बाटलीचं झाकण लावलं. उठली न्हाई.